सतरा नंबरचा उतार

“हितं,” सटवाबा म्हणाले आणि त्यांनी नकाशावर बोट टेकवलं.

मी अजून खोक्यातून सोंगट्याही पुरत्या काढल्या नव्हत्या. खेळ कसला, कुणाचा, कुठल्या मुलखातला, यातलं अवाक्षरही त्यांना सांगितलेलं नव्हतं. पुठ्ठ्याचा तो मोठा नकाशा फक्त त्यांच्या झोपडीपुढच्या करंजाखाली सतरंजीवर उलगडला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले होते.

“हितं काय?”

“उतार. हितनं मानसं पलीकडं जात असतील.”

मी वाकून पाहिलं. सगळा नकाशा सहाकोनी घरांचा होता आणि नदीकाठच्या घरांना एक ते तीस आकडे दिले होते. सटवाबांचं बोट सतरा नंबरच्या घरावर होतं. मी नियमांची इंग्रजी पुस्तिका उघडली, मागच्या पानावरची इतिहासाची टिपणं शोधली आणि तिथली एक ओळ दोनदा वाचली. १८१२ सालच्या नोव्हेंबरात रशियातून माघार घेताना नेपोलियनचं उरलंसुरलं सैन्य बेरेझिना नावाची नदी जिथे पार करून गेलं, ती जागा नेमकी त्याच घरात होती.

“तुम्हाला कसं कळलं?”

“निळी पट्टी म्हंजी नदीच ना?” ते म्हणाले. “मग बगा की. हितं ती वळन घेऊन पसरली. नदी पसरली की दमती, दमली की उथळ व्हती. आन् ह्या दोन रेघा वाटा असतील. ह्या काठाची वाट आन् त्या काठाची वाट, समोरासमोर येऊन थांबल्यात. वाटा काय उगंच पान्यापर्यंत येत्यात व्हय?”

मी पुस्तिका मिटली. सातासमुद्रांपलीकडच्या, कधी नावही न ऐकलेल्या नदीचा उतार या माणसाने बिडी पेटवायला लागतो तेवढ्या वेळात शोधला होता. मला तेव्हाच शहाणपण यायला हरकत नव्हती. पण मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडे डिग्री होती.

गोष्ट १९८५ च्या जानेवारीतली. मी ठाण्याचा. ज्युनिअर इंजिनियर म्हणून नोकरीला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. कुंडा नदीवर, वांगदरी आणि पलीकडची हिंगणी या दोन गावांमध्ये पूल व्हायचा होता आणि त्याची जागा ठरवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. जागा ठरवायची म्हणजे पात्रात यंत्राने भोकं पाडायची, खडक किती खोल आहे ते बघायचं आणि अहवाल लिहायचा. आमच्या बोलण्यात त्याला बोअर घेणं म्हणतात. नदीच्या वरच्या अंगाला, वांगदरी गावाला लागून, मी तीन बोअर घेतले होते. तिन्ही ठिकाणी बारा-चौदा फुटांवर खडक लागला होता. खडक लागला की त्यात आणखी दहा फूट तरी खाली जायचं असतं, तो खरोखरच खडक आहे ना याची खात्री करायला. मी दोन-दोन फुटांवर थांबलो. यंत्राचं पातं झिजत आलं होतं, दुसरं औरंगाबादहून येता येत नव्हतं आणि मला घाई होती. दुसऱ्या बोअरला एक गंमत झाली होती. खडक सलग असला की भोकात सोडलेलं पाणी वर परत येतं, ते इथे खालीच कुठेतरी नाहीसं झालं. तेही मी वहीत लिहिलं नाही.

यंत्र बंद असल्यामुळे दुपारी करायला काही नसे. ट्रंकेत तो खेळ होता. माझा मामा बोटीवर होता, त्याने तो परदेशातून आणला होता. नेपोलियनच्या काळातल्या चार मोहिमा, दोन खेळाडू, तीनशे सोंगट्या. वांगदरीत नेपोलियन खेळायला कोण मिळणार? मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचो आणि आलटून पालटून स्वतःकडूनच हरायचो. शेवटी कंटाळून एके दिवशी खोकं काखेत मारलं आणि नदीच्या खालच्या अंगाला, अर्ध्या मैलावर, सटवाबांच्या झोपडीपाशी गेलो.

सटवाजी तारू. जातीने भोई, वय साठीच्या पुढे, अंगाने शिडशिडीत. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत त्यांची होडी चालायची. पाणी ओसरलं की पुढे उन्हाळाभर लोक उतारावरून चालत जायचे, आणि तो उतार दाखवणंही त्यांचंच काम. त्याबद्दल दोन्ही गावं सुगीला त्यांच्या घरी धान्य पोचवायची. हे त्यांच्या पणजोबांपासून चालत आलं होतं. पूल झाला की होडी काठावर पालथी पडणार आणि धान्य बंद होणार, हे मला कळत होतं, त्यांना कळत होतं आणि त्यांच्या बायकोला, कौसामावशींना, सगळ्यांत जास्त कळत होतं. म्हणून मी पुलाबद्दल त्यांना एका शब्दानेही कधी विचारलं नव्हतं. ज्याची भाकरी पुलाने जाणार, तो पुलाची जागा खरी सांगेल असं समजण्याइतका मी भोळा नव्हतो.

तर खेळ. बेरेझिनाच्या डावात एकाने नेपोलियन व्हायचं आणि दुसऱ्याने रशियन. मी अर्थातच नेपोलियन. सटवाबांना अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते, आणि त्या खेळाला तेवढे पुरत. रशियन खेळाडूने सुरुवातीला चिठ्ठीवर एक आकडा लिहायचा, तो या डावातला उतार. चिठ्ठी घडी घालून खोक्याखाली ठेवायची. नेपोलियनने नऊ दिवसांत, म्हणजे नऊ पाळ्यांत, सैन्य नदीपार न्यायचं. वाटेत त्याला वाटाड्या तीनदा भेटतो. म्हणजे नेपोलियनने अमुक घरात उतार आहे का असं तीनदा विचारायचं आणि उत्तर रशियन खेळाडूने द्यायचं. खरं द्यायचं की खोटं, ही त्याची मर्जी. चुकीच्या घरातून सैन्य पाण्यात घातलं की तेवढ्या सोंगट्या बुडाल्या. सगळी मजा त्या थापेबाजीत होती. ठाण्याला आम्ही मित्र या एका नियमावरून तास-तास भांडत असू.

पहिल्या डावात मी विचारलं, “सटवाबा, बावीस नंबरला उतार आहे का?”

“न्हाई.”

“मग नऊला?”

“हाय की.”

इतक्या सहजपणे कुणी सांगेल का? तरी नवखा माणूस म्हणून मी नऊला सैन्य घातलं. चिठ्ठी उघडली तर नऊ. डाव दहा मिनिटांत संपला.

“अहो, खरं कशाला सांगितलंत? इथे खोटं बोलायची मुभा आहे तुम्हाला. नियमच आहे तसा.”

“उताराचं खोटं बोलता येत न्हाई, साहेब.”

“खेळ आहे हा! पुठ्ठा आहे!”

“पुठ्ठा हाय, ते कळतंय मला.” ते ओशाळून हसले. “पर तुमी ‘उतार हाय का’ आसं इचारता. ते कानावर आलं की तोंडातनं खरंच येतं. ल्हानपनापासनं दुसरं कायी आलंच न्हाई बगा.”

कौसामावशी पलीकडे जाळं विणत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “ह्यांला थापा मारता आल्या असत्या तर म्या आज माडीत बसले असते, साहेब. ह्या करंजाखाली न्हाई.”

दुसरा डाव तसाच गेला, तिसराही. तिसरा रंगात आला असताना नदीकडून हाक आली. सायकलवर बांगड्यांची पेटी लादलेला कुणी कासार काठाशी उभा होता. “बाबा, उतार कुटंय?” सटवाबा हातातली सोंगटी तशीच घेऊन उठले. उन्हात, अनवाणी, त्याच्यापुढे पाण्यात शिरले आणि काठीने तळ चाचपत त्याला पार पलीकडे पोचवून आले. यायला-जायला पाऊण तास लागला. आल्यावर त्यांनी ती सोंगटी पुन्हा जागच्या जागी ठेवली.

“काठावरून बोट दाखवलं असतंत तरी चाललं असतं की,” मी म्हणालो.

“बोट दाखवून मानूस पलीकडं जात न्हाई.”

मग त्यांनी मला सांगितलं. पुराने दरवर्षी वाळू हलते, उतार जागा बदलतो. संक्रांतीच्या सुमाराला पाणी ओसरलं की सटवाबा कमरेला दोर बांधून, हातात काठी घेऊन नदीत शिरतात. दोराचं दुसरं टोक काठावर कौसामावशींच्या हातात. पाऊल-पाऊल तळ तपासत ते पलीकडे जातात आणि तिथून हाक देतात. ती हाक दोन्ही गावांत ऐकू गेली की मगच लोक पाण्यात पाय घालतात. त्याआधी पाटलाची गाडीसुद्धा उतरत नाही.

त्या दिवशी मीही त्यांना एक गोष्ट सांगितली, पुस्तिकेतली. नेपोलियनच्या सैन्याला तो खरा उतार कसा सापडला ती. त्याचे घोडेस्वार नदीकाठी वाट शोधत हिंडत होते. समोरून एक शेतकरी घोड्यावर बसून आला. घोडा पोटापर्यंत ओला होता. त्यावरून त्यांनी ओळखलं की हा आत्ताच नदीतून आला आहे. त्याने जागा दाखवली. मग नेपोलियनच्या लोकांनी तिथे दोन पूल बांधले, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून, पाण्यावर बर्फाचे तुकडे वाहत असताना.

“छातीएवढ्या पान्यात? बर्फाच्या?”

“हो. चारशेक माणसं होती म्हणतात. त्यातली फार थोडी वाचली.”

 सटवाबांनी निळ्या सोंगट्यांतली पूल बांधणाऱ्यांची एवढीशी सोंगटी उचलून तळहातावर घेतली. तिच्यावर कसलं चित्र आहे ते त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

“आन् त्या घोडेवाल्याचं नाव काय व्हतं?”

मी पुस्तिका चाळली. सरदारांची नावं होती, पलटणींची होती. “नाही दिलेलं.”

“द्यायला पायजे व्हतं,” ते म्हणाले आणि सोंगटी अलगद नकाशावर ठेवली.

असे चार डाव झाले आणि चारही मी जिंकलो. जिंकण्यात आता काही राम राहिला नव्हता. एवढा नद्या ओळखणारा माणूस आणि निव्वळ खरेपणापायी हरतो, याचा मला रागच यायला लागला. पाचव्या डावाच्या दिवशी मी त्यांना सरळ दम भरला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आमचे डेप्युटी इंजिनियर पेंढारकर साहेब अहवाल न्यायला येणार होते. जागा मी वरची, गावालगतची ठरवून टाकली होती. बाडबिस्तरा बांधायला घेतला होता. म्हणजे हा डाव शेवटचा.

“सटवाबा, आज थाप मारायची. काय वाटेल ते होवो. एकदा तरी मला बुडवून दाखवा.”

“बगू,” ते म्हणाले आणि गालातल्या गालात हसले.

ते हसू मी टिपलं. आलं वाटतं ध्यानात, म्हटलं. त्यांनी पाठ फिरवून चिठ्ठीवर आकडा लिहिला, घडी घातली आणि खोक्याखाली सारली. मी सैन्य पुढे काढलं. पाठीवर रशियन, पुढे नदी. पाचव्या पाळीला पहिला प्रश्न टाकला.

“सतराला उतार आहे का?”

“हाय.”

पुन्हा तेच हसू. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, त्यांनीही माझ्या. मला आतून गुदगुल्या झाल्या. चार डाव खरं बोलून माझा विश्वास कमावला आणि पाचव्याला थाप! शिवाय सतरा नंबर म्हणजे खरोखरच्या इतिहासातला उतार, त्यांनी पहिल्याच दिवशी बोट ठेवलेला. तो इतका उघड-उघड कोण लिहील? म्हातारा बराच बेरकी निघाला, असं म्हणून मी मनातल्या मनात त्यांची पाठही थोपटली.

“बावीसला?”

“न्हाई.”

“म्हणजे बावीसलाच,” मी जोरात म्हणालो. तिसरा प्रश्न विचारलाच नाही. शाही रक्षकांसकट सगळी निळी फौज मी बावीस नंबरच्या घरातून पाण्यात घातली आणि ऐटीत चिठ्ठी उघडली.

सतरा.

 नियमाप्रमाणे मला माझ्या हाताने सोंगट्या उचलाव्या लागल्या. एकेक करून सदतीस. खोक्यात टाकताना त्यांचा टपटप आवाज होत होता.

“म्या तर सांगितलं व्हतं,” सटवाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट काळजीच होती.

“मग हसत कशाला होतात?”

“तुमी थाप मारा म्हनलात, त्याचं हसू आलं.”

मी त्या रिकाम्या झालेल्या नकाशाकडे बघत राहिलो. हा माणूस पाचव्यांदा खरं बोलला होता. हरायचं असतानाही, मी हट्ट धरलेला असतानाही. आणि मी बुडालो होतो तो त्याच्यामुळे नाही. मी त्याला माझ्यासारखा समजलो म्हणून बुडालो होतो.  तेवढ्यात, कुठून कोण जाणे, दुसऱ्या बोअरमध्ये नाहीसं झालेलं ते पाणी मला आठवलं.

“सटवाबा,” मी म्हणालो, “पुलासाठी खडक कुठे आहे?”

कौसामावशींचा हात थांबला. जाळं त्यांच्या मांडीवरून खाली घसरलं.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “दुसऱ्या कुनाला इचारा.”

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. दुसऱ्या कुणाला विचारलं तर तो खरं सांगेल, खोटं सांगेल, माहीत नाही म्हणेल. यांना विचारलं की एकच होणार होतं. मावशींना ते माझ्या आधी, आणि बहुधा मी नदीवर पाऊल ठेवलं त्या दिवसापासून माहीत होतं.

“राहू द्या,” मी घाईघाईने म्हणालो. “मी आपलं सहज—”

“इचारलंय त्यांनी, कौसे,” सटवाबा म्हणाले.

“ऐकलंय म्या.”

सटवाबांनी करंजाला बांधलेल्या होडीकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण नीट पाहिलं. मग उठून उभे राहिले. बसून सांगायची ती गोष्ट नसावी.

“तुमी वर गावापाशी भोकं पाडलीत, तितं खडक न्हाई. ते धोंडे हायत. हत्तीएवढे. माझा बाप तरना असताना मोठा पूर आला, त्यानं आनून टाकलेत. वरनं वाळू बसली म्हनून दिसत न्हाईत. एका उन्हाळ्यात तितं कपार पडली व्हती, म्या डुबी मारून धोंड्याखाली हात घातला. खांद्यापातुर गेला. खाली नुस्ती वाळू हाय. आसा पूर पुन्ना आला तर आले तसे पुढं वाहून जातील.”

“आणि खडक?”

“खडक हितं हाय. माझ्या होडीखाली. उन्हाळ्यात हिनं पान्यासाठी वाळूत झिरा खनला की तीन पुरुस खाली गेल्यावर काळा पत्थर लागतो. ह्या काठाला लागतो, त्या काठाला लागतो, मधी बी लागतो. पहारीनं ठोकला तर पहार उडती.” ते थांबले. “सलग हाय. ह्यो पूल हितंच व्हायला पायजे.”

झालं, सांगून झालं. मावशींनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं, पण गाठ काही त्यांना घालता येईना.

“इतके दिवस का नाही बोललात?” मी जवळजवळ ओरडलोच. “महिनाभर तुमच्या डोळ्यांदेखत भोकं पाडतोय मी!”

“तुमी इचारलंच कवा?” ते शांतपणे म्हणाले. “न इचारता उतार सांगू नये. बाप सांगायचा. न इचारता सांगितलं की मानूस आर्ध्या कानानं आयकतो आन् पाय वाकडा टाकतो. इचारलं की मातर खरं सांगायचं. मग आपलं कायी का व्हईना.”

माझ्याच्याने तिथे बसवलं नाही. नकाशा तसाच गोळा करून मी निघालो. काय घडलं ते धड उमगत नव्हतं, पण देवळातून बाहेर पडताना चपला हातात घेऊन चालावं तसा मी त्या वाळूतून हळूहळू चालत होतो.

गुरुवारी पेंढारकर साहेब आले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

“दिघे, ज्याची होडी जाणार त्या नावाड्याच्या सांगण्यावरून आपण पुलाची जागा बदलायची?”

“नको, साहेब. फक्त वरच्या बोअरमध्ये आणखी दहा फूट खाली जाऊ.”

“ते तू आधीच जायला हवं होतंस.”

“हो, साहेब,” मी म्हणालो. 

पातं आलं. यंत्र सुरू झालं. पहिले काही फूट दगड कुरकुर करत कापला जात होता आणि साहेब माझ्याकडे बघत होते. नवव्या फुटाला लोखंडी दांडा, कुणी दाब दिलेला नसताना, आपला आपण हातभर खाली गेला. यंत्र चालवणारे उस्मान मिस्त्री दचकून मागे सरले. वर आली ती वाळू. ओली, पिवळी, शिंपल्यांचे तुकडे मिसळलेली वाळू. साहेबांनी ती चिमटीत घेऊन चोळली आणि तिथल्या तिथे खाली बसले.

दोन दिवसांनी यंत्र सटवाबांच्या होडीपाशी आणलं. होडी त्यांनी स्वतःच सोडून बाजूला ओढली. सतरा फुटांवर पातं अडलं. दहा फूट आत गेलो, पंधरा फूट आत गेलो. नळीतून निघालेला काळ्या दगडाचा दांडा हातभर लांब, अखंड, कुठे एक चीर नाही. मी तो उन्हात धरून सटवाबांना दाखवला. त्यांनी त्यावर नुसता हात फिरवला. ज्या दगडावर त्यांच्या चार पिढ्या उभ्या होत्या, तो त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा उजेडात पाहिला.

पूल व्हायला तीन वर्षं लागली. या तीन वर्षांत मी त्यांच्यासाठी पुलावर रखवालदाराची जागा मागितली, पण वय आडवं आलं. अर्ज मागून अर्ज केले, काही झालं नाही. याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

१९८८ च्या मार्चमध्ये उद्घाटन होतं. मंडप, तोरणं, पोलीस, दोन्ही गावांची झाडून सगळी माणसं. मंत्री यायला उशीर होता. मी कोनशिलेपाशी उभा राहून नावं वाचत होतो. मंत्र्यांचं होतं, अध्यक्षांचं होतं, ठेकेदाराचं होतं, खाली बारीक अक्षरांत पेंढारकर साहेबांचं आणि माझंही होतं. मला ओल्या घोड्यावरून आलेला तो शेतकरी आठवला.

तेवढ्यात गर्दी हलली. सटवाबा येत होते. धुतलेलं धोतर, अनवाणी पाय, हातात ती काठी. कमरेला दोर बांधलेला होता. दोराचं दुसरं टोक मागे कौसामावशींच्या हातात होतं.

पोलीस आडवा आला. “ओ बाबा, साहेब यायच्या आधी पुलावर कुणी जायचं नाही.”

“मी सांगतो, जाऊ दे त्यांना,” मी म्हणालो. तसं म्हणायचा मला काही अधिकार नव्हता, पण माझा चेहरा पाहून तो बाजूला झाला.

सटवाबा पुलावर चढले. एक पाऊल, मग काठी. कठड्याजवळ, मधोमध, पुन्हा कठड्याजवळ. डांबरावर काठी टेकवून ते तळ चाचपावा तसा पूल चाचपत होते. मावशी इकडच्या टोकाला उभ्या राहून दोर सोडत होत्या. तिसऱ्या खांबापाशी दोर संपला. सटवाबा थांबले, त्यांनी मागे पाहिलं नाही. मावशींनी पदर खोचला, दोर घट्ट धरला आणि त्याही त्यांच्या मागोमाग पुलावर चालू लागल्या. दोन हजार माणसं उभी राहून बघत होती. मांडवातल्या कर्ण्यावरचं गाणं कुणीतरी बंद केलं.

ते पलीकडच्या काठाला पोचले. वळले. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पाण्यात उभे राहून पिढ्यान्‌पिढ्या दिली तीच हाक त्यांनी दिली. तिच्यानंतर त्यांना ती पुन्हा कधीच द्यावी लागणार नव्हती.

“उतार हाय होऽऽ! याऽऽ!”

त्या पुलाचं गणित मी स्वतः तीनदा तपासलं होतं. त्याच्यावरून खडीने भरलेले ट्रक नेऊन पाहिले होते. तरी माझे पाय इतका वेळ अलीकडेच खिळलेले होते, हे मला ती हाक ऐकल्यावर कळलं. मी चपला काढल्या आणि पूल ओलांडायला निघालो.